काउंट उतरला, आता ही गोळी कायमची बंद करायची का?

पत्र:

“मॅडम, माझ्या मिस्टरांचं वय ४३. दोन वर्षांपासून त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, आहे. स्टिरॉइड चालू असेपर्यंत बरं असायचं, कमी केलं की पुन्हा शौचातून रक्त. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी ॲझाथायोप्रिन सुरू केलं. आता रोज १०० मिलिग्रॅम आहे. पोट खरंच सुधारलं. पहिल्या महिन्यात रक्त तपासलं ते नॉर्मल होतं. नंतर पुण्याला जाणं झालं नाही आणि तपासणीही राहिली. गेल्या आठवड्यापासून थकवा आहे, तोंडात फोड आलेत, म्हणून इथेच सीबीसी केली. पांढऱ्या पेशी २,३०० आल्या, औषधाआधी ७,४०० होत्या. प्लेटलेट १,१८,०००, हिमोग्लोबिन १०.२. पुण्याची अपॉइंटमेंट बारा दिवसांनी आहे. ताप नाही. बाकी काही त्रास नाही, मध्ये पायाचा अंगठा सुजला होता त्याची युरिक ॲसिडची गोळी तेवढी चालू आहे. सासूबाई म्हणतात ही कॅन्सरची गोळी आहे, हिनेच रक्त आटवलं. गुळवेल आणि पपईच्या पानांचा रस द्या. मिस्टर म्हणतात, आता ही गोळी आयुष्यात घेणार नाही. हा ब्लड कॅन्सर तर नसेल ना? आणि तपासणी मी चुकवली म्हणून हे झालं का?”

– एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

तुमचं पत्र सदरात छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून हाती पडलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ॲझाथायोप्रिन आणि युरिक ॲसिडची गोळी, दोन्हींचा पुढचा डोस देऊ नका, पुण्याला आजच फोन लावा, बारा दिवस थांबू नका आणि ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो की पहाट, थेट दवाखाना गाठा, एवढंच तेव्हा सांगितलं. तुम्ही ते सगळं केलंत. दोन्ही गोळ्या थांबल्या, दहा दिवसांनी पांढऱ्या पेशींचा काउंट ३,६०० वर आला, तोंडातले फोड वाळले. वाचून फार बरं वाटलं. आता तुमच्या परवानगीने सविस्तर लिहिते, कारण असं पत्र उद्या दुसऱ्या घरातूनही येऊ शकतं.

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत: “युरिक ॲसिडची गोळी तेवढी चालू आहे.” फोनवर तुम्ही पाकिटावरचं नाव वाचून दाखवलंत, ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम, सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. मला वाटतं, घोळ इथेच झाला.

ॲझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर त्याचं मर्कॅप्टोप्युरिन होतं. तिथून पुढे तीन वाटा फुटतात. एका वाटेने त्याचं खरं काम करणारं रूप तयार होतं. ते पेशींच्या डीएनएमध्ये घुसून त्यांची वाढ रोखतं, आणि आतड्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यामुळे आवरतात. उरलेल्या दोन वाटा औषध निकामी करून बाहेर टाकण्याच्या. त्यातल्या एका वाटेवर झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम काम करतं. हेच एन्झाइम शरीरात युरिक ॲसिड बनवतं, आणि ॲलोप्युरिनॉल युरिक ॲसिड कमी करतं ते या एन्झाइमलाच अडवून. वाहत्या मोरीला बोळा लावावा तसं होतं: वरून गोळी रोज तितकीच पडत राहते, खालून निचरा बंद, आणि औषधाचं काम करणारं रूप साचत साचत अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी बनतात त्या जागेवर, येऊन बसतं. म्हणूनच ही दोन औषधं एकत्र द्यायची वेळ आलीच, तर ॲझाथायोप्रिनचा डोस तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्यावर आणायचा असा नियम आहे. तुमच्या यजमानांना रोजचे १०० मिलिग्रॅम पूर्ण चालू राहिले. फेबुक्सोस्टॅट ही युरिक ॲसिडची दुसरी गोळी हल्ली खूप लिहिली जाते. तीही याच एन्झाइमला अडवते, त्यामुळे “ॲलोप्युरिनॉल नको तर फेबुक्सोस्टॅट घेतो” असंही परस्पर करू नका.

काही पोटविकारतज्ज्ञ ही जोडी मुद्दाम वापरतात, हेही सांगते. काही रुग्णांच्या शरीरात औषधाचा मोठा भाग भलत्याच वाटेने जातो, गुण येत नाही आणि यकृतावर मात्र ताण येतो. त्यांना अगदी लहान डोस ॲलोप्युरिनॉलसोबत दिला जातो. पण ते मोजूनमापून, वरचेवर रक्त तपासत केलेलं काम असतं. एका गावात एक गोळी, दुसऱ्या गावात दुसरी, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नाही, ही गोष्ट निराळी.

गावातल्या डॉक्टरांवर रागावू नका. अंगठा सुजलेला, युरिक ॲसिड वाढलेलं, अशा रुग्णाला त्यांनी नेहमीचं औषध दिलं. यजमानांनी त्यांना “पोटाच्या गोळ्या चालू आहेत” एवढंच सांगितलं होतं, असं तुम्हीच म्हणालात. पोटाच्या गोळ्या म्हटल्यावर ॲसिडिटीच्या गोळ्याच कुणाच्याही डोळ्यांसमोर येणार. इथून पुढे दातांच्या डॉक्टरकडे जा, डोळ्यांच्या जा, मेडिकलवर खोकल्याचं औषध घ्या, पहिलं वाक्य हेच असायला हवं: “मी ॲझाथायोप्रिन घेतो, रोज इतकं.” गोळ्यांचं रिकामं पाकीट पैशांच्या पाकिटात ठेवायला सांगा, किंवा मोबाइलमध्ये त्याचा फोटो. नाव उच्चारता आलं नाही तरी दाखवता येतं.

आता तो रिपोर्ट. तुम्ही पाठवलेला फोटो माझ्यासमोर आहे. बहुतेक घरांत रिपोर्टमधला एकच आकडा वाचला जातो, जिथे ठळक अक्षरात ‘लो’ छापलेलं असतं तो. तुम्हीही टीएलसी, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, २,३०० पाहिल्यात. पण जंतूंशी पहिली झुंज देतात त्या न्यूट्रोफिल पेशी, आणि त्या किती आहेत हे खालच्या ओळीत टक्क्यांत दिलेलं असतं. तुमच्या यजमानांचे न्यूट्रोफिल ४१ टक्के. २,३०० चे ४१ टक्के म्हणजे ९४३. हा आकडा खरा महत्त्वाचा. तो १,५०० च्या वर असला तर सहसा काळजी नसते, १,००० च्या खाली गेला की डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, आणि ५०० च्या खाली गेला की साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. ९४३ हा घाबरून रडत बसण्याचा आकडा नव्हता, पण बारा दिवस वाट पाहण्याचाही नव्हता. त्यात तोंडात फोड होते. पांढऱ्या पेशी घटत असताना तोंड येणं, घसा दुखणं याला मी नेहमीच्या ‘उष्णतेच्या’ खात्यात टाकत नाही.

आधी पांढऱ्याच पेशी का पडल्या, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. न्यूट्रोफिल रक्तात फार थोडा काळ टिकतात, काही तास ते काही दिवस. म्हणून अस्थिमज्जेला ते रोज सुमारे १०० अब्ज या हिशेबाने नवे बनवत राहावे लागतात. पेशींची वाढ रोखणारं औषध जास्त झालं की पहिला फटका बसतो तो या कामाला. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगतात, त्यांचा नंबर नंतर. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं. यजमानांचं १०.२ हिमोग्लोबिन तर मला एकट्या गोळीचं काम वाटतच नाही. दोन वर्षं शौचातून रक्त गेलंय, त्याचाही वाटा असणार. लोह आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या.

रिपोर्टमध्ये एमसीव्ही १०१ आहे, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार थोडा मोठा. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांमध्ये हे नेहमी दिसतं आणि एकट्याने ते काही वाईट नाही. मात्र बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असलं तरी पेशी अशाच मोठ्या होतात. तुमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे, त्यामुळे बी-१२ एकदा बघाच. बी-१२ फार कमी असेल तर त्यानेही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, आणि सगळा दोष गोळीच्या माथी जातो.

आणखी एका आकड्याने अनेक घरं फसलेली मी पाहिली आहेत. स्टिरॉइड चालू असताना पांढऱ्या पेशी खोट्याच वाढलेल्या दिसतात, कधी १२,००० तर कधी १४,०००. स्टिरॉइड कमी केलं की तोच काउंट ६,००० वर येतो आणि घरात रडारड, “अर्ध्यावर आला हो!” तो पडला नाही, जागेवर आला. याच्या उलटही होतं. मज्जा दमलेली असते, पण स्टिरॉइडमुळे काउंट बरा दिसत राहतो. त्यामुळे रिपोर्ट दाखवताना त्या दिवशी स्टिरॉइड किती मिलिग्रॅम चालू होतं ते कोपऱ्यात पेनने लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याची फार मदत होते. आणि कधीही एकटा रिपोर्ट नेऊ नका. २,३०० चा अर्थ कळतो तो औषधाआधीचे ७,४०० आणि पहिल्या महिन्यातले ६,१०० शेजारी ठेवल्यावर.

ब्लड कॅन्सरची तुमची भीती. नाही, औषधाने काउंट उतरणं म्हणजे ब्लड कॅन्सर नव्हे. मज्जा आजारी नव्हती, ती दडपली गेली होती. औषध थांबताच ती कामाला लागली, हे ३,६०० वरून दिसतंच आहे. साधारणपणे एक ते तीन आठवड्यांत काउंट सावरतो, काहींना जास्त वेळ लागतो. सावरलाच नाही, किंवा स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून केलेल्या तपासणीत, अपरिपक्व पेशी दिसल्या, तर मज्जेची तपासणी करावी लागते. तुमच्याकडे तसं काहीही नाही.

सासूबाईंचं म्हणणं मात्र अगदीच निराधार नाही, आणि त्यांना तसं सांगाही. ज्या मर्कॅप्टोप्युरिनपासून हे औषध निघालं, ते ल्युकेमियाचं, म्हणजे ब्लड कॅन्सरचंच. गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलं, लहान मुलांच्या ल्युकेमियात ते आजही वापरतात. त्याचंच पुढचं रूप ॲझाथायोप्रिन. १९६२ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांच्या पथकाने याच औषधाच्या जोरावर नात्यात नसलेल्या, मृत व्यक्तीची किडनी रुग्णाला बसवली आणि ती टिकली. एलियन आणि हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं, मरे यांना १९९० चं. ल्युपस, किडनी प्रत्यारोपण, यकृताचा ऑटोइम्यून आजार, कोलायटिस, क्रोन्स, अशा किती जणांचे संसार या स्वस्त गोळीवर उभे आहेत. ती दीर्घकाळ घेतल्याने लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा) आणि त्वचेच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, हे खरं आहे. मी ते लपवणार नाही. पण एकूण धोका लहान आहे, आणि आतडं सतत सुजलेलं ठेवणं हेही धोक्याचंच. जुन्या, आटोक्यात न ठेवलेल्या कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची भीती वाढते.

गुळवेल देऊ नका. यावर मी ठाम आहे. यजमानांचा आजारच मुळी प्रतिकारशक्तीने आपल्याच आतड्यावर उलटण्याचा आहे. तिला आवरायला एकीकडून गोळी द्यायची आणि दुसरीकडून “प्रतिकारशक्ती वाढवणारा” काढा पाजायचा, यात काय साधणार? कोविडच्या काळात गुळवेल घरोघरी गेली, तेव्हा त्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्यातल्या काहींना आधीपासून ऑटोइम्यून प्रकारचे आजार होते. ॲझाथायोप्रिन स्वतःच कधीकधी यकृताला त्रास देतं, म्हणून सीबीसीसोबत यकृताची तपासणीही करतात. त्यात काढ्याची भर पडली की कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. पपईच्या पानांचा रस डेंग्यूमुळे लोकांच्या डोक्यात बसलाय. औषधाने दडपलेली मज्जा त्याने जागी होते याला पुरावा नाही. डाळिंब, बीट, खजूर आवडीने खाऊ द्या, पण त्याने पांढऱ्या पेशी वाढतील असं मनात धरू नका. पेशी वाढल्या त्या औषध थांबवल्यामुळे.

काउंट कमी असेपर्यंत खाण्याबाबत एवढंच: घरचं, ताजं, नीट शिजवलेलं, गरम. पाणी उकळलेलं. बाहेरची भेळ, कापून ठेवलेली फळं, कच्चं दूध, कच्ची मोड आलेली कडधान्यं थोडे दिवस नकोत. घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याने त्यांच्यापासून लांब राहायचं, आणि भेटायला येणाऱ्यांची गर्दी नको. सासूबाईंना काहीतरी करायचंच असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवा. दारात उभं राहून पाहुण्यांना परत पाठवणं घरातल्या वडीलधाऱ्या बाईलाच जमतं.

“आयुष्यात घेणार नाही” या यजमानांच्या हट्टाबद्दल. त्यांचा राग मला समजतो. पोट बरं झालं आणि रक्तच बिघडलं, कुणालाही फसवल्यासारखं वाटेल. पण त्यांना दोन गोष्टी शांतपणे विचारा. पहिल्या महिन्यात याच गोळीवर काउंट ६,१०० होता आणि पोट सुधारत होतं. म्हणजे एकट्या गोळीशी त्यांचं वाकडं नसावं. बिघडलं ते दुसरी गोळी आल्यावर. आणि गोळी नको तर मग काय? पुन्हा स्टिरॉइड? त्याने हाडं, साखर, डोळे सगळ्यांचंच नुकसान होतं आणि ते थांबवलं की रक्त परत सुरू. बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्तीचा एखादा नेमका धागा अडवणारी, इंजेक्शनं चांगली आहेत, पण त्यांचा खर्च मोठा, आणि सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावी लागते. आपल्याकडे टीबी इतका असताना ती तपासणी काही उगाच नसते. शेवटी ठरवायचं पुण्याच्या डॉक्टरांनी आणि यजमानांनी मिळून. काउंट पूर्ण सावरल्यावर, युरिक ॲसिडची गोळी बंद ठेवून, कमी डोसने पुन्हा सुरू करता येतं, किंवा दुसरं औषध निवडता येतं. मात्र रागाच्या भरात मेसालामिन, हे कोलायटिसचं नेहमीचं औषध, तेही बंद केलं नाही ना, ते बघा.

पुन्हा सुरू करायचं ठरलं तर एक तपासणी आवर्जून विचारा: एनयूडीटी१५. हेही एक एन्झाइम, औषधाच्या काम करणाऱ्या रूपाला निष्प्रभ करणारं. याच्या जनुकातला एक बदल २०१४ मध्ये कोरियातल्या रुग्णांमध्ये सापडला, आणि नंतर कळलं की तो आपल्या लोकांमध्येही बराच आहे, साधारण दहात एकाला किंवा थोडा जास्तच, एका बाजूने आलेला. अशांना नेहमीचा डोस जड जातो. आई आणि वडील दोघांकडून आलेला असेल, तर थोड्याशा डोसनेही काही आठवड्यांत काउंट रसातळाला जातो आणि डोक्यावरचे केस झपाट्याने गळतात. इतके, की ॲझाथायोप्रिन सुरू झाल्यावर मूठमूठ केस हातात आले तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा असं मी प्रत्येक रुग्णाला सांगते. जुन्या पाश्चात्त्य पुस्तकांतून शिकलेली टीपीएमटी या दुसऱ्या एन्झाइमची तपासणी आपल्याकडे त्यामानाने कमी उपयोगी पडते, कारण त्याच्या जनुकातला बदल आपल्यात कमी आढळतो. एनयूडीटी१५ ची तपासणी मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते. यजमानांमध्ये दोन्ही बाजूंचा बदल असेल असं मला वाटत नाही, कारण मग पहिला महिनाच इतका चांगला गेला नसता. एका बाजूचा असू शकतो.

आणि अंगठ्याचं काय? तो खरंच गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा, झटका होता का, हे आधी ठरवून घ्या. नुसतं युरिक ॲसिड वाढलंय, दुखत-खुपत काही नाही, अशा बहुतेकांना गोळीची गरजच नसते. झटका पुन्हा आला तर त्यावर वेगळे उपाय आहेत, पण डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी मेडिकलवरून आणून देऊ नका. कोलायटिस तिने भडकतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतोय. तपासणी चुकली म्हणून काउंट पडला नाही, ताई. तो दोन गोळ्या एकत्र आल्याने पडला. तपासणी झाली असती तर लवकर कळलं असतं, हे खरं. पण तोंडात फोड आल्यावर ‘उष्णता’ म्हणून न सोडता सीबीसी करायला नेलंत तेही तुम्हीच. पहिले दोन रिपोर्ट चांगले आले की पुढची तपासणी सुटते, हे घरोघरी होतं. शिवाय एका रक्त तपासणीसाठी पुण्याची फेरी, एक दिवसाची मजुरी बुडवून, हे कुणाला परवडतं? म्हणून हे नीट ऐका: सीबीसी पुण्यात करायची गरजच नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये दोन-चारशे रुपयांत होते. नेहमी त्याच एका लॅबमध्ये करा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात. रिपोर्टचा फोटो पुण्याच्या डॉक्टरांना पाठवता येईल का, हे पुढच्या भेटीत विचारून घ्या. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात.

गोळी पुन्हा सुरू झाली तर पहिला महिना दर आठवड्याला, मग काही काळ पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने, आणि सगळं स्थिर झाल्यावर निदान तीन महिन्यांनी, गोळी चालू आहे तोपर्यंत. डोस वाढवला की पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वेळा काउंट सुरुवातीच्या महिन्यांत पडतो, पण वर्षांनंतरही पडू शकतो. “मी पाच वर्षं घेतोय, मला काही होत नाही” म्हणणाऱ्यांनाही ही तपासणी सुटत नाही. नवीन औषध सुरू झालं की सीबीसी लवकर करा. को-ट्रायमॉक्साझोल हे लघवीच्या आणि इतर संसर्गांना दिलं जाणारं प्रतिजैविक, ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या, यांनीही भर पडू शकते.

पावसाळ्यात एक गोंधळ हमखास होतो, म्हणून लिहिते. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरतात. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्याला ताप आला, काउंट २,५०० आला, तर ते औषधामुळे, डेंग्यूमुळे, की दोन्हींमुळे, हे फोनवर कुणीही सांगू शकत नाही. अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस बघू, हे यजमानांच्या बाबतीत चालणार नाही. ताप आला की त्याच दिवशी सीबीसी, डेंग्यूची तपासणी, आणि डॉक्टरांना फोन. गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते त्यांना विचारा. स्टिरॉइड चालू असेल तर ताप दबलेलाही राहू शकतो, म्हणून थंडी वाजणं, अचानक गळून जाणं, एवढ्यावरही जा. हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके, न मार लागता काळेनिळे डाग, हे प्लेटलेटचं लक्षण, तेही त्याच दिवशी.

हे सदर संधिवाताचे अनेक रुग्ण वाचतात, त्यांच्यासाठी चार ओळी. तुमच्या पाकिटावर मेथोट्रेक्झेट असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. तिच्यासोबतची फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी. दोन्ही बरेचदा लहान, पिवळ्या असतात, आणि घरातल्या कुणीतरी डब्यात अदलाबदल केली की मेथोट्रेक्झेट रोज पोटात जातं. आठवडाभरात तोंड सोलून निघतं, तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम कोसळतात, आणि यात माणसं दगावतात. वार ठरवा, पाकिटावर मार्करने तो वार मोठ्या अक्षरात लिहा, आणि आजी-आजोबा स्वतः गोळ्या घेत असतील तर ती एक गोळी आठवड्याला तुम्ही हातात द्या. मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फमाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनीही काउंट पडतो. त्यांचं वेळापत्रक वेगळं, ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

ताई, पुढच्या आठवड्यात पुण्याला जाल तेव्हा चारही सीबीसी तारखेप्रमाणे लावून न्या, ॲलोप्युरिनॉलचं पाकीट न्या, आणि गावातल्या डॉक्टरांच्या नावाने एक चिठ्ठी मागून घ्या: रुग्णाला काय आजार आहे, कोणतं औषध चालू आहे, त्यासोबत काय द्यायचं नाही. ती घेऊन यजमानांनी स्वतः त्यांच्याकडे जावं. आणि काउंट ४,००० च्या वर गेला की मला एक मेसेज टाका.